गंजाखालचे तीन बगळे

घासलेट हा शब्द इंग्रजीतल्या 'गॅसलाइट'वरून आला आणि रॉकेल 'रॉक ऑइल'वरून. एकाच द्रवाला मराठीने दोन नावं दिली, एक त्याच्या उजेडावरून आणि दुसरं त्याच्या उगमावरून. सायकलच्या दुकानात मात्र रॉकेलचा दिव्याशी काही संबंध नसायचा. ते असायचं आडव्या कापलेल्या पत्र्याच्या डब्यात, काळंकुट्ट झालेलं, आणि त्यात बुडालेले असायचे छर्रे, कोन, कप आणि चेन. दसऱ्याच्या आधी सायकल ओव्हरहॉलिंगला टाकायची, घरी आणल्यावर तिला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तो वास आठवत असेल. माझ्या वयाच्या बहुतेकांना नसेल. रेशनचं निळं रॉकेल आता शोधावं लागतं, आणि नव्या गिअरच्या सायकलींत बेअरिंग बहुधा सीलबंद येतं. खराब झालं की काढून फेकायचं, नवं ठोकायचं. आत काय होतं ते बघायचा प्रश्नच येत नाही.

माझ्याकडे जी सायकल आहे तिच्यात बघण्यासारखं सगळं आतच होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात ती मिळाली. सायकल म्हणायचं ते आपलं सवयीने. प्रत्यक्षात फ्रेम, क्रँक, चेनव्हील, चाकं आणि बाकीचा ऐवज एका पोत्यात. हेडवरचा पितळी बिल्ला कुणीतरी आधीच काढून नेला होता, रिव्हेटची दोन भोकं तेवढी शिल्लक. फ्रेमचा रंग काळा, म्हणजे त्यावरून काहीच कळत नाही. तेव्हाच्या दहातल्या नऊ सायकली काळ्याच. विकणाऱ्याला ती कुठली हे माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. "घासून बघा, कळेल," म्हणाला. ते शब्दशः खरं होतं.

घासायचं म्हणजे आधी ग्रीस काढायचं. ग्रीस म्हणजे तेल अधिक साबण. अंघोळीचा साबण सोडियमचा असतो, ग्रीसमधला कॅल्शियमचा किंवा लिथियमचा. या साबणाच्या बारीक तंतूंची जाळी होते आणि स्पंजात पाणी राहावं तसं तेल त्या जाळीत राहतं. बेअरिंग फिरताना थोडंथोडं पाझरतं. पूर्वी चुन्यापासून केलेलं कॅल्शियमचं ग्रीस चालायचं, पाण्याला दाद न देणारं पण तापलं की पातळ होणारं. लिथियम ग्रीसचं पेटंट क्लॅरन्स अर्ल यांनी अमेरिकेत १९४२ साली घेतलं. आज हार्डवेअरच्या दुकानात डब्यातून मिळतं ते बहुतेक त्याच कुळातलं. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही की तेल झिरपून जातं, उरलेलं हवेने घट्ट होतं आणि मागे राहतो साबण, धूळ आणि झिजलेल्या पोलादाची पूड. शेवटी ते ग्रीस राहतच नाही. डांबर आणि मेण यांच्या मधलं काहीतरी होतं, आणि मग फडकं उपयोगाचं नसतं, लाकडी पट्टीने खरवडावं लागतं.

मी खरवडलं तेव्हा थर वेगवेगळे दिसले. बाहेर राखाडी माती, मध्ये काळं चकचकीत, आणि धातूला अगदी लागून मधाच्या रंगाचं, अजून थोडं ओलं. त्याच्याखालचं पोलाद नव्यासारखं होतं. उलट हँडल, जे बाहेर होतं, दिसत होतं आणि ज्याच्यावरून बहुधा रोज फडकं फिरलं होतं, ते गंजाच्या पुटकुळ्यांनी भरलेलं. जुन्या यंत्रांबाबत हे नेहमीच दिसतं. ज्याला आपण घाण म्हणतो तिनेच धातू सांभाळलेला असतो. हवा आणि पाणी दोन्ही तिथपर्यंत पोचूच शकलेलं नसतं.

चेनव्हील रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलं. सकाळी जुन्या टूथब्रशने घासताना आधी एक वाकडी रेघ दिसली, मग चोच, मग मान. चेनव्हीलच्या मधल्या जाळीत, एकमेकांकडे पाठ करून, तीन बगळ्यांची डोकी. म्हणजे रॅले. नॉटिंगहॅमची.

रॅले हे नाव रस्त्याचं आहे. नॉटिंगहॅममधल्या रॅले स्ट्रीटवर तीन भागीदारांचं एक छोटं वर्कशॉप होतं. फ्रँक बोडेन नावाच्या श्रीमंत वकिलाने तिथली सायकल घेतली, त्याला ती इतकी आवडली की १८८०च्या दशकाच्या शेवटी त्याने तो धंदाच हातात घेतला. पुढे हा जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल कारखान्यांपैकी एक झाला. ॲलन सिलिटो या कादंबरीकाराने तरुणपणी तिथे काम केलं होतं. त्याच्या 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' या १९५८ च्या कादंबरीचा नायक तिथेच लेथवर उभा असतो. १९६० साली त्यावर आलेला सिनेमा मिळाला तर बघा. सुरुवातीलाच खऱ्या रॅले कारखान्यातली यंत्रं दिसतात. माझ्या सायकलचा एक्सल अशाच कुणीतरी, शनिवारच्या संध्याकाळची वाट बघत, लेथवर कातला असेल असं मला तेव्हा वाटलं होतं. त्या एक्सलची गोष्ट पुढे येईल.

*

सायकल उघडता येते, धुता येते आणि परत जोडता येते, हे आपण गृहीत धरतो. पण ते कुणीतरी ठरवलेलं आहे. सुरुवातीच्या सायकलींत चाक नुसत्या पितळी बुशवर फिरायचं, धातूवर धातू घासत. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी १८६९ मध्ये सायकलसाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर यांनी अशाच बेअरिंगच्या सायकलवर जिंकली. त्यांना दहा तासांहून जास्त वेळ लागला. रस्ते आणि चाकं बघता ते वेगवानच होते. अडचण होती ती सगळे छर्रे एकाच मापाचे करण्याची. एक छर्रा केसभर मोठा असला की सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो फुटतो. जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ मध्ये पोलादी गोळ्या एकसारख्या घासणारं यंत्र तयार केलं आणि छर्रा ही किलोवर विकता येणारी वस्तू झाली.

एक वाटीसारखा कप, एक शंकूसारखा कोन आणि मध्ये सुटे छर्रे. एवढंच. कोन पिळला की बेअरिंग घट्ट, उलटा फिरवला की ढिलं. झीज झाली तर अर्धा आटा पिळायचा आणि पुढची पाच वर्षं चालवायचं. हे धूळ सहन करतं असं नाही, धूळ आत जातेच. पण ती बाहेरही काढता येते, दोन पाने आणि वाटीभर रॉकेल एवढ्यावर. जिथे पक्के रस्ते नव्हते आणि सुट्या भागांचं दुकान चाळीस मैलांवर होतं, तिथे सायकल टिकली ती या एका गुणावर, असं माझं मत आहे. आमच्या धंद्यात 'मेंटेनेबल' हा शब्द मिटिंगमध्ये उठताबसता वापरतात. त्याचा अर्थ मला छर्रे मोजताना कळला: बीबी एक्सलला, म्हणजे पायडलांच्या मधल्या एक्सलला, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा, पाव इंची. एक हरवला तर परत बसायचं शोधत.

धूळ आत जाऊ नये यासाठीही खटपट झाली. त्यातली सगळ्यात देखणी वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टनची. हा माणूस मुळात सायकलवाला नव्हता. तो जपानिंगचा कारखानदार होता. पत्र्याचे ट्रे, डबे यांवर काळ्या लाखेसारख्या वार्निशचे थर देऊन भट्टीत भाजायचे, या कामाला इंग्लंडात जपानिंग म्हणत, कारण ती जपानी लाखकामाची नक्कल होती. १८८७ च्या सुमारास मार्स्टन सायकलींकडे वळला आणि तेच काळं भाजलेलं कवच त्याने फ्रेमवर चढवलं. त्याच्या 'सनबीम' सायकली काळ्या चकाकीसाठी नावाजल्या गेल्या. आपल्या आजोबांच्या पिढीची सायकल काळी का, याच्या उत्तराचा मोठा भाग या भट्टीत आहे. डांबरी घटकांचं काळं वार्निश पोलादाला घट्ट धरतं, स्वस्त पडतं आणि गंजाला बराच काळ थोपवतं. सनबीमच्या चेनला मार्स्टनने पूर्ण बंद डबा दिला, आत तेल, चेन त्यातून न्हाऊन निघणार. त्याचं नाव 'लिटल ऑइल बाथ'. आपल्याकडच्या जुन्या सायकलींचं बंद चेनकव्हर हे त्याचंच लांबचं, तेल नसलेलं भावंड. त्यामुळे धोतर, साडी आणि पँट तिन्ही वाचल्या.

*

ग्रीसपेक्षा गंज हट्टी. ग्रीस लोखंडावर बसलेलं असतं, गंज म्हणजे लोखंडच, वेगळ्या रूपातलं. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून नट जागीच आवळले जातात आणि क्रोमचे पापुद्रे सुटतात. तो काढायचा म्हणजे थोडं लोखंड जाणारच. किती जाऊ द्यायचं, एवढंच आपल्या हातात.

इंटरनेटवर एक उपाय फार लोकप्रिय आहे: कोला आणि ॲल्युमिनियमचा फॉइल. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा करून गंजलेल्या क्रोमवर घासायचा. हे खरंच चालतं, साध्या पाण्यानेही चालतं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत, गंज मात्र निघतो. कोलाचं म्हणाल, तर त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, आणि सायकलच्या इतिहासात हे ॲसिड बरंच जुनं आहे. बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये एक पेटंट घेतलं: फॉस्फोरिक ॲसिडच्या द्रावणात लोखंडाचा कीस टाकून त्यात लोखंडी वस्तू उकळायची. पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा राखाडी थर येतो, त्यावर रंग घट्ट बसतो आणि रंग खरवडला गेला तरी गंज खाली पसरत नाही. या क्रियेला 'कॉस्लेटायझिंग' नाव पडलं. पुढे हेच तंत्र सुधारून 'बाँडरायझिंग' म्हणून आलं आणि रॅलेच्या फ्रेमवर तसा छोटा स्टिकर दिसू लागला. माझ्या फ्रेमवर स्टिकर उरलेला नाही. पण जिथे काळा रंग उडालाय तिथे खाली नुसतं पोलाद न दिसता एक मळकट राखाडी कातडी दिसते, आणि तिथे गंज जवळपास नाही. म्हणून फ्रेमला मी पॉलिशपेपर लावला नाही. ती कातडी घासून टाकली तर परत आणता येत नाही.

चकाकत्या भागांची गोष्ट वेगळी. १९२० च्या दशकापर्यंत हँडल, रिम, क्रँक यांवर निकेलचा मुलामा असायचा, जरा पिवळसर आणि लवकर काळवंडणारा. मग क्रोम आलं. निळसर, टणक, पॉलिश न करता चमकणारं. क्रोमचा थर मात्र अत्यंत पातळ असतो, एका मायक्रॉनहूनही कमी, आणि त्यात सूक्ष्म छिद्रं असतात. खरा बचाव त्याच्याखालचं निकेल करतं. निकेल देताना काटकसर झाली की पावसाळ्यागणिक ठिपके वाढत जातात.

या चकाकीची किंमत दुसऱ्यांनी मोजली. क्रोमच्या हौदांतून बुडबुड्यांबरोबर ॲसिडचे तुषार हवेत उडायचे. कामगारांच्या हातांवर खोल जखमा व्हायच्या आणि नाकाचा पडदा झिजून त्याला आरपार भोक पडायचं. ब्रिटनमध्ये १९३१ सालीच क्रोमियम प्लेटिंगसाठी खास नियम करावे लागले. दिसायला रोमँटिक अशा त्या इंग्लिश हँडलांच्या मागे हे आहे. आणि हे नुसतं जुनं प्रकरण नाही. गंज काढायचा एक घरगुती उपाय फिरत असतो: धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने वीज सोडायची. उपाय चांगला आहे, पण त्यात धन टोकाला स्टीलचा चमचा किंवा ताटली जोडा असं सांगितलं असेल तर तो व्हिडिओ बंद करा. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, आणि तिथून त्या प्लेटिंगवाल्या कामगारांच्या नाकात गेलेल्या क्रोमियमचंच विषारी रूप पाण्यात उतरतं. साधा लोखंडी तुकडा लावावा.

मी वीज वापरली नाही. फरशी पॉलिश करणारे वापरतात ते ऑक्झॅलिक ॲसिड आणलं. बादलीभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे, त्यात रिम आणि मडगार्डचे सळईचे भाग एक दिवस बुडवायचे. रंगाला ते फारसं दुखवत नाही. पण विष आहे, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, आणि बादली परत घरात आणायची नाही. बाहेर काढल्यावर पिवळट साका राहतो, तो घासावा लागतो. मग सोड्याचं पाणी, मग कोरडं करणं, मग लगेच तेल. 'लगेच' म्हणजे चहा पिऊन येतो असं नाही. पुण्यात जुलै महिन्यात उघडं पोलाद तुमच्या डोळ्यांदेखत नारिंगी होतं. छर्रे, कोन, कप यांना ॲसिडमध्ये अजिबात टाकायचं नाही. कडक केलेलं पोलाद ॲसिडने ठिसूळ होऊ शकतं आणि घासणाऱ्या पृष्ठभागावर खड्डे पडतात. त्यांना फक्त रॉकेल.

*

आता ते पोतं. त्यातले नट-बोल्ट धुऊन मी वर्तमानपत्रावर मांडले. रॅले आपल्या बारीकसारीक बोल्टच्या डोक्यावरही 'आर' किंवा 'आर आय' अशी अक्षरं ठोकायची. माझ्याकडच्या एकवीस नट-बोल्टांपैकी आठांवर ती निघाली. तेरा कोरे. मग बीबी एक्सल धुतला, ज्याच्या लेथवाल्याची मी मनात गोष्ट रचली होती. त्याच्यावर अक्षरं होती ती 'मेड इन इंडिया'.

कप मात्र दोन्ही रॅलेचे. असं का, ते आट्यांनी सांगितलं. इतर ब्रिटिश कंपन्या बीबी कपला इंचाला चोवीस आटे ठेवत, रॅलेचे सव्वीस. दुसऱ्या कुणाचा कप रॅलेच्या फ्रेममध्ये बसणार नाही. आमच्याकडे याला 'व्हेंडर लॉक-इन' म्हणतात आणि तो कालपरवाचा शोध आहे असं समजतात. कप बदलता येत नव्हता म्हणून तो राहिला. एक्सलला फ्रेमशी आटे जुळवायचे नसतात, तो छर्ऱ्यांमध्ये फिरतो, म्हणून तो बदलला गेला.

यामागे मोठा इतिहास आहे. आपल्याकडे सायकल आली ती विकत घ्यायची परदेशी वस्तू म्हणून. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर, रामूअण्णांबरोबर, बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत व्हीजेटीआयमध्ये नोकरीला होते. डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेही याच वर्षी, म्हणजे हे दुकान किती लवकरचं होतं याचा अंदाज येईल. सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्तही करावी लागते, आणि दुरुस्तीतून यंत्राची ओळख होते. लोखंडी नांगर, १९१० ची किर्लोस्करवाडी, हे सगळं नंतरचं. या उद्योगाची सुरुवात सायकलच्या दुकानापासून झाली हे मला कुठल्याही उद्योजकाच्या प्रेरणादायी कथेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पूर्ण सायकल इथे बनायला पन्नास वर्षं लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना चालू झाला. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर बंधनं आली आणि एकेक कारखाना उभा राहू लागला: १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, पन्नाशीच्या दशकातच आसनसोलजवळ सेन-रॅले, जिथे नॉटिंगहॅमच्या सहकार्याने खुद्द रॅलेच बनायची. (सेन-रॅलेचं पुढे राष्ट्रीयीकरण झालं आणि ती बंद पडली. नॉटिंगहॅमचं उत्पादनही २००० नंतर थांबलं.) पण माझ्या एक्सलचं घर बहुधा यांपैकी कुठलंच नाही. ते लुधियाना असणार. फाळणीत इकडे आलेली कुटुंबं आणि तिथले परंपरेने लोहारकाम-सुतारकाम करणारे रामगढिया कारागीर यांनी लहान लहान शेडमध्ये सायकलचे सुटे भाग बनवायला घेतले. आताच्या पाकिस्तानातल्या कमालियाहून आलेले मुंजाल बंधू आधी सुटे भागच विकत होते. १९५६ मध्ये त्यांची हिरो सायकल्स उभी राहिली आणि १९८६ पर्यंत ती जगातली सर्वांत मोठी उत्पादक म्हणून गिनीजच्या पुस्तकात गेली. बाहेरून येणारा कोन बंद झाला तेव्हा इथे कुणीतरी नमुना हातात धरून तसाच कोन कातला. त्याचं पोलाद कधी बरं होतं, कधी नव्हतं. पण त्याच्यामुळे इंग्लिश सायकली भंगारात न जाता आणखी तीस-चाळीस वर्षं डबे, पेपर आणि पोरं वाहत राहिल्या.

जुन्या सायकली जमवणाऱ्यांच्या जगात या कोनाला किंमत नाही. किंमत शून्य असती तरी चाललं असतं; तो चक्क वजा धरतात. माझ्या ओळखीचे एक संग्राहक सायकल बघायला आले. माणूस जाणकार, प्रेमळ. त्यांनी नट-बोल्ट पाहिले, एक्सल पाहिला आणि म्हणाले, "लोकल माल फार आहे. हे सगळं काढ, इंग्लंडहून मागव, हँडल परत क्रोम कर, फ्रेम भाजून काळी कर. मग तिप्पट येतील." त्यांचा हिशेब बरोबर आहे, तिप्पट येतीलही. पण त्यासाठी क्रोम आणि निकेल उतरवून पोलाद बफ करावं लागेल, बगळ्यांच्या चोची बोथट होतील, ती राखाडी कातडी जाईल, आणि जी सायकल तयार होईल ती १९५० च्या सुमाराला नॉटिंगहॅमच्या दारातून बाहेर पडली तशी दिसेल. ती पुण्यात आलीच नव्हती, अशी.

'ओरिजिनल' या शब्दाशी माझं भांडण इथे आहे. कारखान्यात ती फार तर काही दिवस होती. बाकी साठ-सत्तर वर्षं ती इथल्या रस्त्यांवर होती, आणि तिच्यावर ज्यांचे हात फिरले त्यांची नावं कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाहीत. त्यांच्या खुणा मात्र आहेत. डाव्या क्रँकवर कॉटर पिनच्या भोकाशेजारी पंचाने ठोकलेले दोन ठिपके आहेत, उजव्यावर एक. जोडताना अदलाबदल होऊ नये म्हणून. मागच्या फाट्यावर कानशीने नेमका हवा तेवढाच खाचा वाढवलाय. मागच्या मडगार्डच्या सळईला तारेचा एक वेढा आहे, जो बहुधा नगरपालिकेच्या सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला अडकवायचा होता. बिल्ला नाही, वेढा आहे.

आणि सीटपिलरभोवती एक पट्टी होती. पिलर बदललेला, नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून कुणीतरी पत्र्याची पट्टी कापून भोवती गुंडाळली आणि मग बोल्ट आवळला. ही युक्ती प्रत्येक सायकलवाल्याला माहीत असते. मी ती पट्टी रॉकेलच्या बशीत टाकणार तेवढ्यात आतल्या बाजूला, ग्रीसच्या पातळ थराखाली, पिवळा रंग दिसला. पिवळ्यावर हिरवं. झाडाची अर्धी झावळी. डालड्याचा डबा.

पुढचे चार दिवस ती पट्टी टेबलावर पडून होती. पुसली तर रंग फडक्यावर येत होता. कोपऱ्यावर एक मिलिमीटर करून पाहिलं. तशीच ठेवली तर बाहेरच्या बाजूचा गंज आत शिरणार, कारण एका कडेला तो पत्र्याच्या आरपार गेलाच होता. शेवटी बाहेरची बाजू कोरड्या तारेच्या ब्रशने हलकेच घासली, तिला मेणाचा हात दिला आणि आतल्या बाजूचं ग्रीस होतं तसं राहू दिलं. ते कॅल्शियमचं की लिथियमचं मला माहीत नाही. ते काम करत होतं.

एक्सल रॉकेलमधून काढून पुसला, रॅलेचे कप जागीच ठेवून ग्रीस भरलं, बावीस छर्रे बसवले. जुने छर्रे खड्डे पडलेले होते, म्हणून नवे, तेही लुधियानाचेच. हँडलवरचे ठिपके फॉइलने जितके गेले तितके गेले. एक कॉटर पिन वाकडी निघाली होती. तिच्यासाठी रविवार पेठेत गेलो तर दुकानदाराने दोन मापं काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "सायकल कुठली म्हणायची?"

मी म्हटलं, दोन्ही द्या. त्यांतली जाड बसली, थोडी कानस मारून. पट्टी सीटपिलरला परत गुंडाळली आहे, झाड आतल्या बाजूला.